उजवा हात, बाई!

लेकीची डावी बाही आई नेहमी अर्धा इंच आत घ्यायची. शिवणकामात जन्म गेलेला, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण तो हात जरा बारीकच होता. पोरगी वीस दिवसांची असताना हृदयातून निघणारी तिची मोठी रक्तवाहिनी मध्येच चिंचोळी निघाली. डॉक्टरांनी डाव्या हाताकडे जाणारी वाहिनी कापली आणि तिचंच ठिगळ तिथे लावलं. जीव वाचला, पण त्या हातावर बीपी कायमचं कमी दिसायला लागलं. खरा आकडा हवा तर उजव्या हातावरच. सोळा वर्षं आई प्रत्येक दवाखान्यात ओरडत आली, "उजवा हात, बाई!" नर्सा वैतागायच्या. वैतागू देत, त्यांचं काय जातंय!

आज मात्र पोरगी म्हणाली, "मी एकटीच आत जाते. तू बाहेर बस."

आई बसली. पोरीला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. बीपी ठीक असेल तर होस्टेलच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही, नाहीतर गोळ्या, तपासण्या आणि यंदा घरीच. आईने तोंडाने हो म्हटलं होतं. पण नवरा जाऊन सात वर्षं झालेली. ही गेली की बोलायचं कुणाशी, भिंतींशी? काहीतरी होऊ दे आणि पोरगी राहू दे, असं रोज मनात यायचं. मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

पोरगी हसतच बाहेर आली. "एकशे आठ! आता सहीला बोलावतील."

आईचं लक्ष कपड्यांवर. उजवी बाही कडक इस्त्रीची, डावी पार चुरगळलेली.

"कुठला हात दिलास?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"अगं, पण तुला माहितीये ना!"

पोरीचा आवाज एकदम खाली आला. "आई, एकदाच गप्प बस. तुझ्या पाया पडते."

इकडे आड, तिकडे विहीर. बोललं तर पोरगी म्हणणार, मला अडकवायला बोललीस. आणि तसं नाहीच, अशी शपथ आईला घेता आली नसती. न बोलावं, तर परक्या गावात, परक्या खोलीत डोक्यातली शीर फुटली म्हणजे? ती उठली आणि आत गेली.

"उजवा हात, बाई."

नवी नर्स ओशाळली. पोरीला परत आत बोलावून, पाच मिनिटं शांत बसवून तिने पट्टा बांधला. एकशे बावन्न. पुन्हा घेतलं, एकशे पन्नास. डॉक्टरांनी फॉर्म बाजूला ठेवला. "यंदा नको. औषध सुरू करू, सगळं नीट तपासू."

हे ऐकताच आईला, खोटं कशाला बोला, आधी हायसं वाटलं. भीती मागून आली. आणि नेमकी तेव्हाच पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं?"

"झालं," आई म्हणाली. "पण मी त्यासाठी उठले नव्हते गं."

पोरीने पहिलाच शब्द ऐकला. बसमध्ये दोघींपुरतं एक बाक रिकामं होतं. आई खिडकीकडे सरकली आणि शेजारची जागा हाताने पुसली. पोरगी पुढे गेली आणि दांडी धरून उभी राहिली, ती अगदी घरापर्यंत.