बाभळींच्या आडचं वळण

"पुन्हा तेच," म्हणत वैजयंतीनं स्टॉपवॉच बंद केलं.

सपना गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. आठशे मीटरमध्ये ती सगळ्यांच्या पुढं असायची आणि शेवटच्या वळणावर मागं पडायची. ते वळण बाभळींच्या आड होतं. वैजयंतीला इथून फक्त मागं पडून आलेली सपना दिसायची. पोलीस भरतीची चाचणी तोंडावर आली होती. किन्हीराजा गावच्या या पडीक वावरात वैजयंती पोरींकडून सराव करून घ्यायची. वावर तिच्या धाकट्या भावाचं, राजूचं.

बुटांबद्दल, जेवणाबद्दल, झोपेबद्दल विचारून झालं होतं. रागावूनही झालं होतं. आज तिनं सपनाला बांधावर बसवलं.

"त्या वळणावर तुले काय होते?"

"काई नाई, मॅडम. दम लागते."

"दम तं सगळ्याईलेच लागते. तुले काय होते?"

सपनानं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. वैजयंतीच्या ओठांवर सल्ला आला होता. तिनं तो गिळला.

"पाय पुढं टाकावाच वाटत नाई तिथं."

"काय हाय तिथं?"

"गाडी उभी राह्यते. गाडीवरचा माणूस आमच्याकडं मोबाइल धरते. मंग घरी जातानी फाट्यापर्यंत मांगं मांगं येते."

"कोण?"

सपनानं आधी वावराकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"वावर बंद झालं तं आमी कुठं धावाव, मॅडम?"

वावर बंद करू शकणारा एकच माणूस होता. इथंच थांबता आलं असतं. धावायची वाट बदलून टाकली की झालं.

"तुझ्या एकटीच्याच मांगं येते?"

"पल्लवीनं यायचं काहून सोडलं, तुमी तिले इचारलंच नाई."

पल्लवीला तिनं सगळ्यांसमोर आळशी म्हटलं होतं.

वैजयंती उठली. बाकीच्या पोरींना तिनं आणखी एक फेरी मारायला सांगितली आणि स्वतः वावर आडवं तुडवत बाभळींकडं गेली. तिथं मोटरसायकलवर बसलेल्या राजूनं मोबाइल खिशात टाकला.

"ताई? तू इकडं कशी?"

"कोणाची वाट पाहून राह्यला?"

"कोणाची नाई. वावर पाहाले आलो."

"रोज?"

तो हसला. ती हसली नाही. पोरींच्या पावलांचा आवाज जवळ येत होता.

"घरी बोलू ना, ताई. पोरी येऊन राह्यल्या."

तिनं मोटरसायकलची चावी काढून मुठीत धरली.

"येऊ दे. त्याईच्यासमोरच सांग."