थांबाबाईंची सही

पणजोबा विमानाचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करून देत. आजोबा तीच इंजिने उघडून, पुसून पुन्हा जोडत. आईचा मान या दोघांहून मोठा, कारण ती काहीच जोडत नसे. इतरांनी जोडलेले तपासून नोंदवहीत सही करी, आणि त्या सहीवाचून हवाई तळावरचे एकही विमान जमीन सोडीत नसे. अशा तीन पिढ्यांच्या पाठी चौथी जन्मली, ती थांबाबाई. हे नाव हँगरमधल्या मंडळींनी ठेवलेले. कोणी ‘झालं’ म्हटले की ही ‘थांबा’ म्हणे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून येई. तिच्यापायी विमाने उशिरा उडत. पण उडालेली सारी परत येत, आणि परत आलेले वैमानिकच तिला नावे ठेवीत.

घराण्याला या सह्यांचा अभिमान होता, तसे एक ओझेही होते. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात वेढ्यात सापडलेल्या एका ठाण्याला औषधे पोचवायची होती आणि मध्ये डोंगरांची भिंत होती. ती भिंत तोवर कोणी ओलांडली नव्हती. तळावरच्या एका वैमानिकाने दुपंखी विमान त्या भिंतीवरून नेले. मागच्या जागेत, खोक्यांना टेकून, आजोबा बसले होते. औषधे पोचली, इतिहास घडला, आणि परतताना इंजिन बंद पडले. हवाई छत्री एकच होती, ती वैमानिकाच्या पाठीवर. त्याने उडी मारली असती तर कोणी बोट दाखवले नसते. तो बसून राहिला. नदीच्या कोरड्या पात्रात त्याने विमान उतरवले. आजोबांना खरचटले, वैमानिकाचे दोन्ही पाय गेले.

“आपण सगळे त्या दोन पायांवर उभे आहोत,” आई म्हणे. “त्या घराचं एका माणसाचं देणं आहे आपल्यावर. पैशानं फिटायचं नाही, आणि विसरायचंही नाही.”

त्या उड्डाणाला पंचाहत्तर वर्षे होत होती. त्याच जातीचे एक जुने विमान भंगारातून काढून दोन वर्षे खपून उभे केले होते, आणि ते उडवणार होता त्या वैमानिकाचा नातू. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. त्याची आई ऐंशीच्या पुढची. आपल्या वडिलांचे विमान आकाशात पाहायचे, एवढे एकच तिचे राहिले होते. पंखांतल्या तारा थांबाबाईंच्या हाताखालच्या माणसांनी ओढल्या होत्या आणि तपासणीची सही थांबाबाईंची होती.

समारंभाच्या सकाळी मैदानात पाहुणे बसले. पहिल्या रांगेत कॅप्टनची आई, काठी गुडघ्यावर आडवी धरून.

“थांबाबाई, आज तरी थांबा म्हणू नका,” कॅप्टन विमानात चढता चढता म्हणाला. “आईसाहेब पहाटेपासून तयार होऊन बसल्यात. मला नाश्तासुद्धा उभ्यानं करायला लावला.”

“मी कुठं काय म्हणतेय, सर?”

“तुमचं तोंड म्हणतंय.”

ती हसली आणि सवयीप्रमाणे शेपटीच्या मागे जाऊन उभी राहिली. इंजिन सुरू झाले. कॅप्टनने पाहुण्यांकडे हात हलवला आणि दुसऱ्या हाताने विमान वळवायचा दांडा उजवीकडे, मग डावीकडे ढकलला. पंखांच्या कडेच्या फळ्या झोकात हलल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थांबाबाईंची नजर उघड्या बैठकीतल्या त्याच्या हातावरून उजव्या पंखाकडे गेली. दांडा उजवीकडे गेला की उजव्या पंखाची फळी वर उठायला हवी. ती खाली गेली होती.

फळ्या ओढणाऱ्या तारा उलट बसल्या होत्या. उजवीकडे वळू पाहणारे विमान डावीकडे कलंडणार होते, तेही जमिनीपासून चार हातांवर. पण तिने तर तपासले होते. परवाच. आईची शिकवण होती, पंख शेपटीमागून तपासावे, म्हणजे विमानाचे उजवे तेच आपले उजवे. परवा मात्र शेपटीमागे मांडव घालणाऱ्यांनी बांबू आणि सतरंज्या पसरल्या होत्या. ‘बाई, पाच मिनिटं पुढून बघा ना,’ ते म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच ती विमानाच्या तोंडासमोर उभी राहिली. आत बसलेला माणूस ‘उजवीकडे’ म्हणाला. तिच्या उजव्या हाताची फळी वर उठली; विमानाची ती डावी होती. तिने सही केली.

आता मुकाट राहिले असते तर कदाचित कॅप्टनच्याही लक्षात आले असते. कदाचित. थांबाबाईंनी या शब्दावर कधी सही केली नव्हती. ती पळाली नाही, कारण फिरत्या पंख्याजवळ पळायचे नसते. पंखाला वळसा घालून, जमिनीवर नजर ठेवून ती विमानासमोर गेली आणि दोन्ही हात डोक्यावर उचलून एकमेकांवर फुली केली.

कॅप्टनने इंजिन बंद केले. तळप्रमुख लगबगीने आले.

“काय झालं?”

“तारा उलट आहेत, साहेब. विमान आज उडणार नाही.”

“तपासलं कोणी होतं?”

“मी. सही माझी आहे. चूकही माझीच.”

“पाहुण्यांना काय सांगू?”

“हेच सांगा.”

कॅप्टन खाली उतरला. त्याने दांडा कोणाला तरी हलवायला लावला, स्वतः मागे जाऊन पाहिले, आणि चेहऱ्याचा रंग परत येईपर्यंत तो पंखाला धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी थांबाबाईंवर चौकशी लागली, सहीचा अधिकार महिनाभर काढून घेतला गेला. घराण्यातली ही पहिलीच चौकशी. ती हँगरमध्ये उलट तारा सोडवत असताना काठीचा आवाज आला. कॅप्टनची आई न विचारता स्टुलावर बसली.

“त्या माणसाची नात ना तू? खोक्यांना टेकून बसलेल्या?”

“हो, आजी.”

“तुझे आजोबा दरवर्षी आमच्या दारात यायचे. वडिलांच्या चाकाच्या खुर्चीला तेल घालायचे, आणि देणं आहे, देणं आहे म्हणत परत जायचे. वडिलांना त्याचा भारी कंटाळा होता. काल ते फिटलं. माझ्या वडिलांनी तुमचा माणूस खाली आणला, तू माझा मुलगा खाली ठेवलास.”

“असं कसं, आजी? चूक माझीच होती. स्वतःच्या चुकीची फेड होत नसते.”

म्हातारीने काठी जमिनीवर टेकवली.

“वडिलांनी डोंगर ओलांडला त्या दिवशी इंजिन कोणी जोडलं होतं, माहीत आहे तुला?”

थांबाबाईंच्या हातातला पाना थबकला. तळावर त्या काळी इंजिने एकच माणूस जोडत असे.

“वडिलांनी हे कधी विचारलं नाही,” म्हातारी म्हणाली. “मीही विचारणार नाही. आईला सांग, मी हिशेब मिटवला आहे. आणि यापुढे आमच्याकडे यायचं तर चहाला यायचं, तेलाची बुधली घेऊन नाही.”

आईला फोनवर हे सारे सांगितले, तेव्हा तिने एकच विचारले.

“फिटलं म्हणाल्या?”

“हो. पुरतं.”

“बरं,” आई म्हणाली, आणि तिचा आवाज थांबाबाईंना आयुष्यात प्रथमच हलका वाटला.