सभेतली घंटा

देवघरात दिसले म्हणून मला देवाची समजू नका, मित्रांनो. मी जुनी पितळी घंटा आहे खरी, पण सभेतली. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या जुन्या बाजारात यमुनाताईंनी मला पाहिलं आणि त्या हरखल्याच. घरी आणून चिंचेनं घासलं, हळदकुंकू लावून गणपतीपुढे ठेवलं. ही आधी कुणाच्या हातात होती, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

माझे पहिले मालक आलोइस ग्रुबर, बेकरीवाल्याचा मुलगा. शंभर वर्षांपूर्वी इथल्या प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले. माणूस भला. गावात नळ आणले, शाळा काढली. मग सभापती झाले. गोंधळ झाला की ते मला वाजवायचे आणि सगळे गप्प व्हायचे. काय रुबाब होता माझा!

हळूहळू त्यांना त्याची चटक लागली. एकदा एक शिक्षिकाबाई उठल्या. रस्त्यात टोळ्या दंडुके घेऊन फिरताहेत, वेळीच आवरा, असं सांगू लागल्या. ग्रुबरांनी मला वाजवलं. सभा खो खो हसली. बाई खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

पुढे त्याच टोळ्या गणवेश घालून सभागृहात आल्या. ग्रुबर बोलायला उभे राहिले, तेव्हा मला भलत्याच हातानं वाजवलं. त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत.

यमुनाताईंचे यजमान नागेशराव इथल्या मराठी फेराइनचे, म्हणजे मंडळाचे, अध्यक्ष आहेत. तेही भले. पण शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून यंदा इथे शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्यांना गणपतीला बोलवायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. घरीच झालेल्या गेल्या बैठकीत मंडळातली स्वरूपा म्हणाली, त्या पोरांचं ऐकून तरी घ्या. नागेशरावांनी गंमत म्हणून मला देवघरातून उचललं आणि तिच्या बोलण्यावर घणघण वाजवलं. सगळे हसले. मित्रांनो, ते हसू मी ओळखते.

फक्त यमुनाताई हसल्या नाहीत. "अहो, ती आरतीची आहे," एवढंच म्हणाल्या.

आज पुन्हा बैठक आहे. मला आधीच टेबलावर, नागेशरावांच्या हाताशी आणून ठेवलंय. माझं माझ्या हातात काही नसतं हो, जो उचलेल त्याचं ऐकावं लागतं. मला आरतीला वाजवा, शाळा सुटताना वाजवा. पण कुणी बोलत असताना माझ्याकडे हात आला, तर तो धरा.

स्वरूपा उठली आहे. नागेशरावांची बोटं माझ्या मुठीवर आली आहेत. यमुनाताई, तुम्ही शेजारीच बसला आहात ना?