सासऱ्यांची दाढी

भर दुपारी एक चोर सलूनमध्ये शिरला आणि न्हाव्याच्याच वस्तऱ्याने त्याचा गाल चिरून, गल्ला घेऊन पळाला. सात टाक्यांची जखम महिन्याभरात भरली, पण वस्तरा हातात घेतला की त्याची बोटं लटपटायची. "सध्या फक्त केस कापतो," असं तो सांगू लागला आणि निम्मी गल्ली दाढी वाढवून हिंडू लागली.

दोन महिन्यांनी सासरे चार दिवसांचे खुंट घेऊन खुर्चीत बसले.

"जावईबापू, दाढी करा."

"मामा, हात थरथरतो हो."

"थरथरू द्या. फक्त कान तेवढे शाबूत ठेवा, अजून ऐकू येतंय."

त्याने फेस लावला आणि श्वास रोखून वस्तरा फिरवला. हनुवटीवर रक्ताचा थेंब आलाच. तो जागीच थिजला.

"तुरटी लावा," सासरे डोळे न उघडता म्हणाले, "आणि उजवा गाल राहिलाय."

उजव्या गालाला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवसापासून दाढ्या सुरू झाल्या. अजूनही कुठे दार आपटलं, की तो वस्तरा खाली ठेवतो आणि बोटं शांत होईपर्यंत थांबतो. गिऱ्हाईक तोवर फेसाळल्या तोंडाने गप्पा मारत बसतं.