मंगळवारचे पाणी

राष्ट्रीय पर्यावरण संरक्षण धोरणाचा मसुदा एकशे चाळीस पानांचा होता आणि त्यातले परिशिष्ट चार माझे होते. नदीचा कोणता पट्टा निर्मळ समजायचा, हे त्यावरून ठरायचे. निर्मळ पट्ट्यात दहा वर्षे तपासणी होणार नव्हती. निवृत्तीनंतर मला समितीवर घेतले ते याचसाठी. सरकारी प्रयोगशाळेत असताना मी लावून दिलेल्या सत्तावीस वर्षांच्या नोंदी हाच या परिशिष्टाचा आधार होता.

समितीचा सचिव माझ्या मुलाच्या वयाचा. स्वाक्षऱ्या झाल्या तेव्हा तो म्हणाला, "सत्तावीस वर्षांत एक मंगळवार चुकला नाही! घड्याळकाका, सूर्यानं तुमच्यावरून वेळ लावून घ्यावी." सगळे हसले. मीही हसलो. नदीचे नमुने घ्यायला मंगळवार मी निवडला होता, कारण प्रयोगशाळेची एकमेव जीप त्या दिवशी मोकळी असे.

त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला. जावयांची बदली झाल्याने चार महिन्यांपूर्वी ती सहाव्या पट्ट्यात, कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला राहायला गेली होती. तिला सातवा महिना होता.

"बाबा, मागाहून करते. पिंप भरतेय."

"एवढी कसली घाई?"

"आज मंगळवार ना! इथं आठवड्याचं पिण्याचं पाणी सगळे आजच भरतात. एरवी नळाला वास मारतो. शेजारच्या काकू सांगत होत्या, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून असंच आहे." ती हसली. "तुमच्यासारखीच शिस्तीची नदी आहे."

फोन ठेवून मी बसचे वेळापत्रक शोधले.

गुरुवारी सकाळी मी नमुन्याच्या दोन बाटल्या घेऊन बसने तिथे गेलो. कारखान्याच्या सांडपाण्याची झडप सांभाळणारा म्हातारा मला पाहून दचकला.

"साहेब, आज? आज तर गुरुवार! वार बदलला की काय?"

"नाही. झडप कधी बंद करता?"

"सोमवारी संध्याकाळी. बुधवारी उजाडलं की उघडायची. माझ्या आधीचाही तसंच करायचा." त्याने आवाज खाली आणला. "मला वाटायचं, तुमचंच फर्मान असेल."

बाटलीतले पाणी फिकट हिरवे होते. जुन्या सहकाऱ्याने प्रयोगशाळेत तपासून दिले. क्रोमियम मर्यादेच्या चौदापट निघाले. त्याने आकडा कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

शुक्रवारी मी बाटली आणि तो कागद सचिवाच्या टेबलावर ठेवला. त्याने शांतपणे ऐकून घेतले, मग मसुदा उघडून एका ओळीवर बोट ठेवले. परिशिष्ट चार, कलम सात. ‘ठरलेल्या वारी व वेळी न घेतलेला नमुना ग्राह्य धरू नये.’

"हे कलम कुणाचं, काका?"

"माझं." मनाला येईल तेव्हा बाटल्या भरून आणणाऱ्या मदतनिसांना चाप बसावा म्हणून मी ते कित्येक वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या नियमावलीत घातले होते. तिथून ते जसेच्या तसे धोरणात आले होते. "मी मागे घेतो ते. सहावा पट्टा निर्मळ नाही. एकही पट्टा निर्मळ आहे, असं आता मी छातीठोक सांगू शकत नाही."

"मसुदा बुधवारीच मंत्रिमंडळाकडे गेला. सगळ्यांच्या सह्यांनिशी. पहिली तुमची." त्याने बाटली दोन बोटांनी उचलून माझ्या बाजूला ठेवली. "ही आठवणीनं न्या. टेबलावर डाग पडतात."

मी तीन पानी लेखी हरकत दिली. तिला आवक क्रमांक मिळाला. उत्तर मिळाले नाही.

मुलीला म्हणालो, बाळंतपण होईपर्यंत इकडे ये.

"यांना सोडून कशी येऊ, बाबा? आणि मंगळवार आहे की आम्हाला."

पंधरवड्यात धोरण मंजूर झाले. सहाव्या पट्ट्याची तपासणी बंद झाली आणि जीप दुसऱ्या खात्याला गेली. ही बातमी कारखान्यापर्यंत पोचायला किती दिवस लागतील, याचा मी हिशेब करत राहिलो. माझा अंदाज एका आठवड्याने चुकला.

सकाळी सातला फोन वाजला.

"बाबा, आज मंगळवारच ना?"

"हो."

"नक्की? अख्खी गल्ली कॅलेंडरं काढून बसलीय. काकू म्हणतात, आपलंच काहीतरी चुकलं." पलीकडे कोणीतरी बादली मोरीत ओतत होते. "आजही वास येतोय. आणि पिंप तर काल रात्रीच घासून ठेवलंय, रिकामं."

"भरू नकोस," मी म्हणालो. "एक थेंबही भरू नकोस."

"बरं," ती म्हणाली. मुकाट्याने, लहानपणी माझे ऐकायची तशी. "मग कधी भरू, बाबा?"