आमदार व्हिटलॉक यांचं चरित्र

आखातातल्या ईसा टाउनच्या फ्लॅटमध्ये बसून निवेदिता अमेरिकनांच्या खापरपणजोबांची चरित्रं लिहायची. तिकडची एक कंपनी कागदपत्रं धाडायची, ही त्यांतून माणूस उभा करायची. या खेपेचा माणूस एझ्रा व्हिटलॉक, दीडशे वर्षांपूर्वीचा. एका खाणगावातल्या साप्ताहिकाचा संपादक, दोनदा राज्याच्या विधानसभेवर निवडून आलेला. त्याच्या खापरपणतीला घराण्याचं पुस्तक छापायचं होतं.

पहिले काही दिवस निवेदिताला तो आवडलाच. स्वतः छपाईचे खिळे जुळवायचा, गावात शाळा यावी म्हणून सभागृहात तास तास भांडायचा.

मग डिसेंबरातला एक अंक हाती लागला. गावकऱ्यांनी चिनी खाणकामगारांची वस्ती पेटवून दिली होती. बायकापोरं बर्फात. व्हिटलॉकने अग्रलेखात लिहिलं होतं, ‘आज गावाची हवा शुद्ध झाली. या जातीला थंडी बाधत नाही.’ पुढे विधानसभेत चौकशीचा ठराव आला, तोही यानेच हाणून पाडला.

दुपारी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं.

“गाळून टाक तेवढं,” शिरीष म्हणाला. “कोण बघतंय आता?”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच्या तुबलीतल्या वर्कशॉपचा मुकादम दत्ताराम होता. शिरीषचे हात भाताचे, म्हणून त्याने स्पीकर लावला.

“साहेब, कामावरच्या पोरांच्या खोल्यांतला एसी चार दिवस बंद आहे. भाजून निघालीत हो. एकाला काल चक्कर आली.”

“बघू पुढच्या आठवड्यात. आणि त्यांना सवय असते रे उन्हाची. यल्ला, चल, ठेव.”

बाहेर जुलै होता. निवेदिताने ताट सरकवलं.

“काय झालं?”

“हेच लिहिलंय त्याने. फक्त उन्हाच्या जागी थंडी.”

“मला त्या माणसाच्या पंगतीला बसवतेस?”

“मी कशाला बसवू? बसलाच आहेस. आमटी वाढू का?”

तो ताटावरून उठला. दोघांचं बोलणं तुटलं. एसी आठव्या दिवशी दुरुस्त झाला, तोही तपासणीला सरकारी माणसं येणार म्हणून. हे तिला दत्तारामकडून कळलं.

तिने चरित्र पुरं केलं. अग्रलेख शब्दन् शब्द उतरवला, हाणून पाडलेला ठरावही घातला. कंपनीचं उत्तर गोड होतं: लेखन सुंदर, पण पुस्तक काढणाऱ्या बाईंच्या इच्छेनुसार दोन परिच्छेद वगळले आहेत. सोबत छापायला निघालेली प्रत होती. व्हिटलॉक त्यात शाळेचा जनक होता, गावाचा आधारवड होता. खाली लेखिका म्हणून हिचं नाव.

ते पान वाचताना तिला शिसारी आली. तिने एका ओळीत कळवलं, ‘माझं नाव काढा.’

त्यांनी काढलं. पुस्तक निघालं. नवीन काम आलं तेव्हा तिने नाही म्हणून सांगितलं.