चंद्र छातीत असताना

आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक पंचांग लटकतं, पेंडीच्या दुकानातून फुकट मिळालेलं. त्यावर पोट उघडं टाकून उभा असलेला एक माणूस आहे, आणि आज चंद्र त्याच्या कुठल्या अवयवात आहे ते खाली छापलेलं असतं. चंद्र छातीत असला तर वासरू आईपासून तोडायचं नाही. मांडीखाली उतरला की खुशाल तोडा. माझा नवरा ऑरिन तर लग्नाची तारीखही त्या उघड्या पोटाच्या माणसाला विचारून घेऊन आला होता.

गेल्या वर्षी मात्र ट्रक मिळाला तसा त्याने घाईत नियम मोडला. चंद्र छातीत असताना सगळी वासरं एका दुपारी ओढून काढली. धूळ, गारठा, रात्रभर हंबरणं. आठवडाभरात वासरं खोकायला लागली आणि कितीतरी गेली. मी म्हटलं, झटक्यात तोडलीस म्हणून झालं हे. ऑरिन म्हणाला, चंद्र. यंदा त्याने दोन्ही सांभाळलं. कुंपणाच्या अल्याड गायी, पल्याड वासरं, नाकाला नाक लावून, आणि चंद्र गुडघ्यात. एकही खोकलं नाही, आणि श्रेय सगळं चंद्राला. मग माझं कोण ऐकतो!

उशिरा जन्मलेली कालवड टिली तेवढी आईजवळ राहिली होती. तिची आई बटन हिला आमच्या लेकीने, कॉरीनने, बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. कॉरीन घाटातल्या अपघातात गेली त्याला दोन हिवाळे झाले. बटन आता म्हातारी आहे, टिली तिचं शेवटचं वासरू. पोरीच्या हातचं आमच्याकडे एवढंच उरलं होतं.

बर्फ पडला आणि टिलीच्या गळ्याखाली सूज आली. इतक्या उंचावर विरळ हवेत वासरांचं हृदय थकतं आणि छातीवर पाणी उतरतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना खाली न्यावं लागतं, दुसरा उपाय नाही. ढोरांची डॉक्टरीण पॉलेट स्वतः वर आली. घाटात मोठा ट्रेलर चालत नव्हता. तिच्या गाडीत वासरू मावलं असतं, गाय नाही.

पॉलेटने आडपडदा ठेवला नाही. आईपासून तोडण्याचा ताण टिलीला सोसेल याची खात्री नाही, म्हणाली, पण इथे राहिली तर मरेलच.

ऑरिन आत जाऊन पंचांग बघून आला. "चंद्र छातीत आहे, अजून दोन-तीन दिवस. तिचं दुखणंही छातीतच. आज तोडली तर माझ्या हातून मरेल."

"तिच्याजवळ आई आहे रे," मी म्हणाले, "पण हवा नाही. तिला हवा दे."

"लेटा, एक पोर घाईत खाली पाठवलीच होती ना आपण?"

त्या दिवशी कॉरीन बर्फ वितळेपर्यंत थांबते म्हणत होती, आणि कॉलेज बुडेल म्हणून आम्हीच तिला निघायला लावलं होतं. पॉलेट रिकामी गाडी घेऊन उतरली. मला तिच्या मागे धावावंसं वाटलं. मी धावले नाही.

तिसऱ्या सकाळी टिली मान ताणून, जीभ बाहेर काढून श्वास ओढत होती. बटन तिची सुजलेली छाती चाटत होती. दुपारच्या आत ते संपलं. बटन चाटायची थांबेना. तिच्या सडांतून दूध आपोआप बर्फावर ठिबकत होतं. मला ते बघवेना.

ऑरिनने टिलीवर आपला कोट घातला, कशासाठी कोण जाणे. मग घरात आला आणि खिळ्यासमोर नुसता उभा राहिला. पंचांग हातात घ्यायची गरज नव्हती, चंद्र कुठे आहे ते त्याला पाठ होतं.

बाहेर बटन हंबरायला लागली.

"लेटा," तो म्हणाला, "शेवटी छातीतच तोडली गं."